गिटेलमन सिंड्रोम : क्षार गळणाऱ्या मूत्रपिंडासोबत हृदय सांभाळताना

मूत्रपिंडाचा आजार म्हटला की पथ्याची एक ठरलेली यादी आपल्याकडे घरोघरी पाठ असते : मीठ कमी, शहाळे बंद, संत्री-मोसंबी बंद, डाळ मोजून. ज्यांची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत आहेत, त्यांच्यासाठी ती बहुतांशी योग्यही असते. गिटेलमन सिंड्रोम असलेल्या माणसाला मात्र हीच यादी अपाय करते आणि त्या अपायाचा फटका मूत्रपिंडाआधी हृदयाला बसतो. या आजारात रक्त गाळण्याचे काम सुरळीत चालते, त्यामुळे क्रिएटिनिनचा अहवाल सामान्य येतो आणि नातेवाईक निश्चिंत होतात. बिघाड असतो तो गाळलेले क्षार परत शोषून घेण्यात. सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे सतत वाहून जातात, आणि ही गळती जन्मभर चालू राहते. या आजारात हृदय आणि रक्तवाहिन्यांमध्ये नेमके काय बदलते आणि नागपूरसारख्या उष्ण शहरात राहणाऱ्या रुग्णाने त्यासाठी कोणती काळजी घ्यावी, एवढ्यापुरताच हा लेख आहे. यातील आकडे डॉक्टरांशी नीट बोलता यावे म्हणून दिले आहेत. त्यांच्या आधारे औषधाची मात्रा स्वतः बदलू नये.

हिलेल गिटेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये या आजाराचे प्रथम वर्णन केले, आणि त्यामागील एसएलसी१२ए३ हे जनुक १९९६ मध्ये सापडले. युरोपीय वंशाच्या लोकसंख्येत साधारण ४०,००० जणांत एकाला तो असतो. हे जनुक ज्या प्रथिनाचा आराखडा ठरवते, ते मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकेच्या दूरच्या भागात सोडियम आणि क्लोराइड परत आत घेते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या थायझाइड गटातील गोळ्या नेमके हेच प्रथिन रोखतात. म्हणजे गिटेलमनचा रुग्ण एकही गोळी न घेता आयुष्यभर थायझाइडच्या अमलाखाली असतो. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे जवळजवळ सगळे पथ्य आपोआप समजते.

रक्तवाहिन्यांत काय घडते

क्षार आणि पाणी कमी झाल्याची खबर लागताच शरीर रेनिन, अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके वाढवते. एरवी हीच संप्रेरके वाढलेली राहिली, तर रक्तदाब चढतो, धमन्यांच्या भिंती जाड होतात आणि हृदयाचा डावा कप्पाही जाड होत जातो. गिटेलमनमध्ये आणि त्याच्या जवळच्या बार्टर सिंड्रोममध्ये ती वर्षानुवर्षे वाढलेली असूनही रक्तदाब सामान्य किंवा कमीच राहतो. इटलीतील पादुआ येथे लोरेन्झो कालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. रक्तवाहिनीच्या स्नायूंमध्ये अँजिओटेन्सिनचा आकुंचनाचा संदेश पुढे नेणारी रो-कायनेज नावाची साखळी या रुग्णांमध्ये मंदावलेली असते, आणि वाहिन्या सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचा प्रभाव अधिक असतो, असे त्यांच्या कामातून दिसून आले. उच्च रक्तदाब समजून घेण्यासाठीही संशोधकांना हा दुर्मिळ आजार म्हणूनच मोलाचा वाटतो.

रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ९५/६० किंवा त्याच्या आसपासचा रक्तदाब, त्रास होत नसल्यास, घाबरण्याचे कारण नाही आणि त्यावर ताकदीचे इंजेक्शन घेण्याचीही गरज नाही. मात्र अंथरुणातून एकदम उठताना डोळ्यांसमोर अंधारी येत असेल, तर रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी, असा तीनदा मोजून लिहून ठेवावा. बसल्याजागी एकदा मोजलेल्या आकड्यापेक्षा ही नोंद डॉक्टरांना पुष्कळ अधिक सांगते. शिवाय कमी रक्तदाब ही आयुष्यभराची हमी नाही. काही रुग्णांना वय वाढल्यावर उच्च रक्तदाब झालेला आहे, म्हणून पस्तिशी-चाळिशीनंतरही मोजणे सोडू नये. तसे झालेच, तर नव्या डॉक्टरांना आजाराचे नाव आधी सांगावे, कारण सवयीने लिहिली जाणारी थायझाइडची गोळी इथे चालत नाही.

हृदयात काय घडते

हृदयाचा खरा धोका विजेच्या बाजूने येतो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज व्हावे लागते आणि ते काम प्रामुख्याने पोटॅशियमच्या ये-जा करण्यावर चालते. रक्तातील पोटॅशियम घटले की ही सज्जता लांबते. ईसीजीवर टी लहर चपटी होते, तिच्यामागे यू लहर उमटू लागते आणि क्यूटी हे अंतर, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून पेशी पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ, वाढते. तपासलेल्या रुग्णांच्या काही गटांत जवळपास निम्म्यांमध्ये क्यूटी लांबलेला आढळला आहे. तो लांबलेला असताना एखादे चुकीचे औषध, जुलाब किंवा ताप यांची भर पडली, तर हृदयाचा ठोका अत्यंत वेगवान आणि विस्कळीत होऊ शकतो; बेशुद्धी आणि क्वचित मृत्यूही ओढवू शकतो. अशा घटना विरळ आहेत, पण नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यातील काही आधी कोणतीही तक्रार नसलेल्या तरुण माणसांच्या आहेत.

मॅग्नेशियमची कमतरता दुहेरी नुकसान करते. ती स्वतः हृदयाची लय बिघडवते, आणि पेशीत मॅग्नेशियम कमी असले की मूत्रपिंडातील पोटॅशियम बाहेर सोडणारे मार्ग अधिक उघडे राहतात. त्यामुळे मॅग्नेशियम भरून न काढता कितीही पोटॅशियम दिले तरी ते लघवीतून निघून जाते. महिनोन्महिने सिरप घेऊनही पोटॅशियम २.७ मिलिमोल प्रतिलिटरच्या वर येत नाही, अशी तक्रार असेल तर पहिला प्रश्न मॅग्नेशियमचा विचारावा. याशिवाय, व्यायामाच्या वेळी हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद जितकी वाढायला हवी तितकी काही रुग्णांमध्ये वाढत नाही, असेही इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अभ्यासांत दिसले आहे. कारण नसताना दम लागत असेल तर त्याला नुसता अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नये.

तपासण्या कशा कराव्यात

निदान झाल्याबरोबर विश्रांतीच्या स्थितीतील ईसीजी काढून घ्यावा आणि अहवालावर नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी, म्हणजे क्यूटीसी, मिलिसेकंदांत लिहून घ्यावा. पुरुषांमध्ये ४५० आणि स्त्रियांमध्ये ४६० पर्यंतचा आकडा साधारणपणे स्वीकारला जातो; ५०० च्या पुढचा आकडा धोक्याचा असतो आणि त्यासाठी हृदयरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी गाठावे. यंत्राने छापलेला आकडा यू लहरीमुळे चुकू शकतो, म्हणून तो तज्ज्ञांनी हाताने मोजून पाहावा, अशी विनंती करण्यात संकोच नसावा. धडधड होत असेल, भोवळ आली असेल किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर चोवीस तासांचे होल्टर (अंगावर बांधून सतत चालणारा ईसीजी), इको आणि व्यायाम-ईसीजी यांविषयी विचारावे. शाळा-महाविद्यालयात स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्या मुलांच्या बाबतीत मैदानावर पाठवण्यापूर्वीच हे झालेले बरे.

रक्ताच्या उद्दिष्टांबाबत एक गोष्ट स्पष्ट असावी : सर्वसामान्य माणसाचे ३.५ ते ५ हे पोटॅशियम प्रत्येक रुग्णाला गाठता येत नाही आणि त्याचा हट्ट धरून औषधाचा मारा केला तर पोट बिघडते. २०१६ मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या केडीआयजीओ या मूत्रपिंडविकारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने पोटॅशियम किमान ३.० मिलिमोल प्रतिलिटर आणि मॅग्नेशियम किमान ०.६ मिलिमोल प्रतिलिटर, असे व्यवहार्य लक्ष्य सुचवले. आपल्याकडील प्रयोगशाळा मॅग्नेशियम बहुधा मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरमध्ये देतात. त्या मापात हा आकडा साधारण १.४६ येतो. पोटॅशियम मिलिइक्विव्हॅलंटमध्ये लिहिले असले तरी आकडा तोच राहतो. क्यूटी लांबलेला असेल तर डॉक्टर याहून वरची पातळी ठरवू शकतात.

आता नागपूरच्या दृष्टीने महत्त्वाची आणि सहसा कुणी न सांगणारी बाब. मे महिन्यात घरी येऊन काढलेला रक्ताचा नमुना मोटारसायकलच्या डिकीतून तास-दोन तास फिरला, तर उष्णतेमुळे नळीतल्या रक्तपेशी भोवतालचे पोटॅशियम आत ओढून घेतात आणि अहवालात ते प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. याउलट नमुना वेगळा न करता फ्रीजमध्ये ठेवला, दंडाला पट्टा फार वेळ घट्ट राहिला, मूठ पुन्हा पुन्हा आवळली किंवा पेशी फुटल्या, तर ते खोटे जास्त दिसते. या आजारात हा दुसरा प्रकार अधिक घातक मानावा, कारण ३.४ असा आकडा पाहून घरचे निर्धास्त होतात आणि खरे पोटॅशियम २.८ असते. म्हणून नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच जाऊन, सकाळच्या वेळी, सलग त्याच ठिकाणी द्यावा आणि आकडा अनपेक्षित आला तर औषध बदलण्यापूर्वी तपासणी पुन्हा करावी.

औषध आणि आहार

पोटॅशियम क्लोराइडच्या रूपातच घ्यावे, कारण या रुग्णांमध्ये क्लोराइडही कमी असते आणि रक्त अल्कधर्मी बाजूला झुकलेले असते. मुतखड्यासाठी दिले जाणारे पोटॅशियम सायट्रेटचे सिरप दिसायला तसेच असते, दुकानदारही कधी पर्याय म्हणून तेच पुढे करतो. पण सायट्रेटमुळे तो झुकाव आणखी वाढतो. बाटलीवर ‘क्लोराइड’ हा शब्द वाचल्याशिवाय ती घेऊ नये. बाजारात सर्रास मिळणाऱ्या १० टक्के द्रावणाच्या १५ मिलिलिटरमध्ये सुमारे २० मिलिमोल पोटॅशियम असते. प्रौढांसाठी सुरुवात दिवसाला ४० मिलिमोलपासून होते आणि गरजेप्रमाणे ती वाढवली जाते. हा डोस एकदम न घेता तीन-चार वेळा विभागून, जेवणानंतर, भरपूर पाण्यात मिसळून घ्यावा. नुसते सिरप घेतल्यास पोटात जळजळते आणि उलटी झाली तर सगळेच वाया जाते. मॅग्नेशियमही असेच विभागून घ्यायचे असते. त्याची मात्रा एकदम वाढवली की जुलाब लागतात आणि जुलाबातून पुन्हा पोटॅशियम जाते. दोन्ही पुरेसे होत नसतील तर डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन किंवा अमिलोराइड यांपैकी एखादे औषध जोडतात. ही औषधे पोटॅशियम रोखून धरतात, पण मीठही थोडे अधिक घालवतात, त्यामुळे रक्तदाब आणखी उतरू शकतो. ती सुरू झाल्यावर आठवड्याभरात रक्त तपासावे.

आहारात मिठावर बंधन नाही. उलट या रुग्णांना मिठाची ओढ असते आणि ती शरीराची खरी मागणी असते. लोणच्याची फोड मागून घेणाऱ्या किंवा पोह्यांवर वरून मीठ भुरभुरणाऱ्या मुलाला रागावू नये. सकाळचे तर्री-पोहे, मीठ घातलेले ताक, खारे शेंगदाणे, सारे चालते. मॅग्नेशियमसाठी हरभरा, तूर, शेंगदाणे, तीळ आणि पालक उपयोगी, आणि विदर्भातल्या जेवणात सहज असणारी जवसाची चटणी तर उत्तमच. पोटॅशियमसाठी केळी, शहाळे, संत्री घ्यावीत. एका मध्यम संत्र्यातून मात्र चार-पाच मिलिमोल आणि केळ्यातून दहाच्या आसपास मिळते, शिवाय फळांतील पोटॅशियम क्लोराइडच्या रूपात नसते. तेव्हा आंबिया बहाराची संत्री कितीही गोड असली तरी ती सिरपची जागा घेऊ शकत नाहीत. संत्र्याचा गोड डबाबंद रस टाळावा. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दीर्घकाळ कमी असले की शरीरातील इन्सुलिनचे कामही बिघडते, आणि त्यात साखरेची भर नको. कुणी खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा सुचवला तर तो स्पष्ट नाकारावा. ज्येष्ठमध पोटॅशियम आणखी खाली आणते.

टाळावयाची औषधे

ही यादी लक्षात राहणार नाही, म्हणून ती लिहून फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवावी. क्यूटी लांबवणाऱ्या औषधांमध्ये रोजच्या वापरातली अनेक नावे आहेत : अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन व त्या गटातील इतर अँटिबायोटिक, उलटीसाठीचे ऑन्डान्सेट्रॉन आणि डॉम्पेरिडोन, बुरशीसाठीचे फ्लुकोनॅझोल, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, तसेच नैराश्य आणि मानसिक आजारांवरील काही गोळ्या. थायझाइड आणि फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी औषधे गळतीत भर घालतात. पित्तासाठी वर्षानुवर्षे घेतले जाणारे पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल मॅग्नेशियम कमी करते. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने मूत्रपिंडातून मॅग्नेशियम घालवतात. दम्याच्या झटक्यात साल्ब्युटामॉलची वाफ नाकारता येत नाही, पण ती पोटॅशियम पेशींच्या आत ढकलते, एवढे आकस्मिक विभागात सांगायला हवे. यांपैकी एखादे औषध खरोखरच अटळ असेल, तर पोटॅशियम-मॅग्नेशियम आधी पाहून आणि ईसीजीच्या देखरेखीखाली ते दिले जाऊ शकते. तो निर्णय डॉक्टरांचा. औषधाच्या दुकानातून ‘ताप आणि घशासाठी काहीतरी’ मागण्याची सवय मात्र या घरात पूर्णपणे बंद झाली पाहिजे.

उन्हाळा आणि आजारपणाचे दिवस

नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो आणि नवतपाच्या दिवसांत घामावाटे जाणारे मीठ व पाणी लघवीतल्या गळतीत मिळते. मार्चअखेर एकदा रक्त आणि ईसीजी तपासून, उन्हाळ्यापुरती मात्रा वाढवायची का, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. दुपारी अकरा ते पाच बाहेर पडणे टाळावे. फुटाळा तलावावरचे फिरणे पहाटेच उरकावे. पन्हे, मीठ-जिऱ्याचे ताक जवळ ठेवावे. साधे पाणी तांब्यामागून तांब्या पिणे पुरेसे नाही, कारण त्यातून क्षार मिळत नाहीत. ओआरएस उपयोगी आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे त्याच्या एका लिटरमध्ये पोटॅशियम फक्त २० मिलिमोल असते, म्हणून ते सुरू आहे या कारणाने नेहमीचे सिरप बंद करू नये.

उलट्या किंवा जुलाब लागले आणि औषध पोटात टिकत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मेडिकल असो, मेयो असो, मिहानमधील एम्स असो की धंतोली-रामदासपेठेतील खासगी रुग्णालय, रात्रपाळीतल्या डॉक्टरांनी हा आजार कधी पाहिलेला असेलच असे नाही. म्हणून फाइल सोबत असावी. त्यांना तीन गोष्टी सांगाव्यात : पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही तपासा, ईसीजी काढा, आणि पोटॅशियम ग्लुकोजच्या सलाइनमधून न देता मिठाच्या सलाइनमधून द्या. ग्लुकोजमुळे इन्सुलिन वाढते आणि उरलेसुरले पोटॅशियम पेशींत शिरते, त्यामुळे आकडा चढण्याऐवजी उतरू शकतो. पोटॅशियमचे सलाइन सावकाश आणि मॉनिटर लावूनच चालवले जाते; ‘लवकर संपवा’ असा आग्रह नातेवाईकांनी कधीही धरू नये. स्पायरोनोलॅक्टोन, अमिलोराइड किंवा इंडोमेथासिन (या आजारात कधी दिले जाणारे वेदनाशामक गटातील औषध) चालू असेल तर शरीरातील पाणी कमी झालेल्या काळात ते तात्पुरते थांबवायचे का, हे फोन करून विचारावे, कारण मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटला तर याच रुग्णात पोटॅशियम धोकादायकरीत्या वरही जाऊ शकते.

छातीत जोराची धडधड, बेशुद्धी, पायांतील ताकद अचानक जाणे किंवा बोटे वाकडी होतील असे पेटके आल्यास १०८ ला फोन करावा आणि रुग्णाला एकटे सोडू नये. शस्त्रक्रिया ठरली असेल, मग ती दाताची का असेना, भूलतज्ज्ञांना आठवडाभर आधी भेटून पातळ्या सुधारून घ्याव्यात; उपाशी ठेवण्याच्या तासांत औषध कसे द्यायचे तेही तेव्हाच ठरते. गर्भारपणात पोटॅशियम-मॅग्नेशियमची गरज वाढते, आणि पहिल्या महिन्यांतल्या उलट्यांमुळे ती भागवणे अवघड होते, म्हणून प्रसूतितज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ यांचा एकमेकांशी थेट संपर्क करून द्यावा.

घरातील इतरांची तपासणी

आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच हा आजार होतो. दोघे वाहक स्वतः निरोगी असतात आणि त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मामेबहीण-आतेभाऊ असे नात्यातले लग्न झालेल्या कुटुंबात दोघेही वाहक असण्याची शक्यता गृहीत धरून चालावे. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना थकवा, पेटके, रात्री लघवीला उठणे किंवा मिठाची ओढ असो वा नसो, त्यांचे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम एकाच रक्तनमुन्यातून तपासून घ्यावे. ते कमी आल्यास लघवीतील कॅल्शियमची तपासणी करावी, जे या आजारात कमी असते, आणि जनुकीय चाचणीची वाट न पाहता ईसीजी त्याच आठवड्यात काढावा.